छत्री सापडली आहे

३ मार्च
लेकीने जाता जाता माझ्या सगळ्या वस्तूंना स्टिकर चिकटवले! किल्ल्या, चष्म्याचं घर, छत्री. काळे-पांढरे चौकोन. हरवलेली वस्तू कुणाला सापडली की त्याने मोबाइलचा कॅमेरा चौकोनावर धरायचा. पान उघडतं. तिथे लिहिलेला निरोप थेट लेकीच्या फोनवर.
"वस्तू माझ्या, आणि निरोप तुला?"
"तुम्ही अनोळखी नंबर उचलता का, बाबा?"
मग मात्र सुनावलं. माणसावरची पाळत वस्तूंपासूनच सुरू होते, इतिहास काढून बघ! ती अंगठ्याने स्टिकर दाबत राहिली. टॅक्सी आली. गेली.

६ मार्च
दिवसभरात एकच वाक्य बोललो. दूधवाल्याशी. "उद्या नको."

१२ मार्च
छत्री वाचनालयात राहिली. खरोखरच विसरलो. दुपारी लेकीचा फोन! एरवी फक्त रविवारी करते, तोही भाजी चिरता चिरता.
"बाबा, छत्री ग्रंथपालबाईंकडे आहे. आणि जेवलात का?"
जेवलात का! हे काही ग्रंथपालबाईंनी कळवलं नसणार.

१४ मार्च
आज छत्री न्हाव्याच्या दुकानात मुद्दाम ठेवून निघालो. कोपरा गाठतो तोच मागून आरोळी — "अहो साहेब, छत्री!" न्हावी धावतोय, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही धावतंय! प्रामाणिक समाज घडावा म्हणून जन्मभर घसा फोडला. आज पहिल्यांदाच त्या प्रामाणिकपणाचा राग आला.

१५ मार्च
रविवार. फोन नाही. नुसता निरोप — "गडबडीत आहे, उद्या करते."

१६ मार्च
उद्या आला आणि गेलाही. शेवटी मीच माझ्या छत्रीवर मोबाइल धरला. पान उघडलं. 'वस्तू सापडली? मालकांना कळवा. तुमचं नाव देण्याची गरज नाही.' लिहिलं —
"सदर छत्री उद्यानातील बाकावर आढळली. ती मालकांच्या स्वाधीन करण्याची इच्छा आहे. — एक नागरिक."
पाठवण्याआधी चोरासारखी खिडकी लावून घेतली. पहिल्या सभेतही भाषणाला इतका घाबरलो नव्हतो! त्याच पानावर उत्तर लगेच आलं.
"आभारी आहे, काका. छत्री माझ्या बाबांची. घर जवळच आहे, पोचवाल का? आणि थोडा वेळ बसाल? ते बोलतील. खूप बोलतील. आई गेल्यापासून त्यांना ऐकायला कुणी नाही."
मोबाइल पालथा ठेवला. कुणी दया दाखवली की माझं डोकं फिरतं!

१७ मार्च
डोकं शांत होईना. लिहिलंच — "मग आपण स्वतः का ऐकत नाही?"
संध्याकाळी उत्तर —
"लहानपणापासून ऐकतेय, काका. पण मी काही सांगायला लागले की बाबा सभेत उभे राहतात. माझी नोकरी गेलीय. तेच सांगायला गेले होते. स्टिकर लावून परत आले."

१८ मार्च
बेकारीवर मी कागद न बघता तासन्‌तास बोलू शकतो. मैदानं हलवली आहेत. बेकार झालेल्या लेकीशी काय बोलायचं? कपाटातली सगळी पुस्तकं आठवली. एकही उपयोगाचं नाही.
ती इथे होती, माझ्या समोरच्या खुर्चीत. मी पाळतीवर बोलत होतो.

१९ मार्च
मीच फोन लावला. "कशी आहेस?" एवढंच विचारलं आणि तोंडावर हात धरला. अक्षरशः!
"ठीक आहे."
मी गप्प. तीही गप्प. वाटलं, ठेवतेय आता. मग हळूच म्हणाली, "बाबा... ठीक नाही." आणि बोलू लागली. साहेबांनी बोलावून घेतलं, ती टेबल आवरत असताना शिपाई शेजारी उभा केला, घरी येऊन ती बूटही न काढता पलंगावर बसून राहिली. 'व्यवस्था' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. गिळला. ती रडली. मी फक्त "हं" म्हणत होतो.
फोन ठेवल्यावर खोली तीच होती. पण मघाशी इथे दोघं जण होते.

२२ मार्च
छत्रीच्या पानावर नवा निरोप —
"काका, गुरुवारी बाबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. 'सदर छत्री' वाचलं तेव्हाच तुम्हाला ओळखलं होतं. शनिवारी येतेय, राहायला. स्टँडवर या. छत्री विसरलात तरी चालेल."