पोळ्याच्या आत डोंगा

१६ जुलै, बुधवार
सुनू, माफ कर. ही वही तू संक्रांतीला दिलीस. रोजचं बी.पी. लिहा म्हणालीस. सहा महिने कोरी ठेवली. आज बसलो तर बी.पी. सोडून भलतंच लिहिणार आहे, म्हणून माफी आधीच मागतो. वही तुला दाखवीन की नाही, माहीत नाही.

बी.पी. १६०/१००.

आज डोंग्याची पेटी फोडली. गेल्या वर्षी तुझा भाऊ गजू आणि तुझे प्रकाशराव दोघांनी मिळून मागवली होती, बोरगावच्या तलावासाठी. साळा-जावई मिळून मासे धरणार होते. पेटी दारात आली तेव्हा प्रकाशरावांचा डोळा जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेव्हापासून ओसरीत उभी होती. गजू तिच्यावर चपला ठेवायचा.

आत प्लायच्या कापलेल्या फळ्या, तांब्याची तार, चिकटवायचे दोन डबे, काचेच्या कापडाच्या पट्ट्या. पुस्तक इंग्रजीत. मी चौथी शिकलेला. आकडे कळतात, चित्र कळतं. चाळीस वर्षं सौसरला आरा मशीनवर लाकूड चिरलं, होईल.

व्हायलाच पाहिजे. पोळ्याच्या आत.

१७ जुलै
का ते लिहून ठेवतो.

प्रकाशराव गेल्या रविवारी आले होते. काळा चष्मा काढून ठेवला, चहा घेतला आणि सहज म्हणाले, "मामाजी, या साली मीही नदीत उतरून राहिलो."
म्हटलं, "एका डोळ्यानं?"
"एकच लागते नेम धराले."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या इकडून पांढुर्णा आणि तिकडून सावरगाव एकमेकांना गोटे मारतात. सावरगावचा माणूस सावरगावकडूनच उतरणार. समोर आमचा गजू असणार. पण डोंगा तयार असला, तलावात टाकला, तर प्रकाशराव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तलावावर जातील, नदीवर नाही. नव्या डोंग्याला माणूस सोडत नाही. असं मला वाटतं. वाटतं म्हणजे दुसरं काही सुचत नाही.

२१ जुलै
तळाच्या दोन फळ्या शिवल्या. खरंच शिवतात. भोकातून तार घालायची, पकडीनं पीळ द्यायचा. गोणपाट शिवावं तसं. डावं-उजवं चुकू नये म्हणून खडूनं एका बाजूला 'पां' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'सा'. पांढुर्णा, सावरगाव. ओसरीत डोंगा आडवा आहे, एक बाजू गावाकडे, एक नदीकडे.

गजूनं पाहिलं. "काय करून राहिले बाबा?"
"डोंगा."
"कोणासाठी?"
"पाण्यासाठी."
'सा' वर थुंकला आणि संत्र्याची गाडी भरायला गेला.

२४ जुलै
रात्रभर पाऊस. बोट तारेनं फाटलं. गजूनं मंडीत एका हमालाचे दोन दात पाडले. तो म्हणाला होता, तुमच्या जावयाचा डोळा कोणी फोडला रे. एवढंच. लोक सोडवायला गेले तर त्यांनाही मारलं. घरी आला तेव्हा मूठ सुजली होती. मी हळद लावली. बापाचा हात आहे, लावणारच.

२९ जुलै, नागपंचमी
आज लिहितो. रोज टाळतो.

सुनू, प्रकाशरावांचा डोळा गजूनं फोडला. चुकून नाही. मी काठावर उभा होतो, मी पाहिलं. झेंडा लावलेलं पळसाचं झाड नदीच्या मधोमध होतं, जे गाव ते तोडून नेईल ते जिंकतं, म्हणून सगळे झाडाकडे मारून राहिले होते. गजू झाडाकडे पाहत नव्हता. प्रकाशराव झाडापासून वीस हात दूर, वाकून कोणा पडलेल्याला उचलत होते. गजूनं गोफण दोनदा फिरवली, थांबला, त्यांनी मान वर करायची वाट पाहिली आणि सोडली.

पोळ्याच्या आठ दिवस आधी तलावावर प्रकाशरावांनी त्याला चारचौघांत झापड मारली होती. गजू पिऊन गेला होता, जाळं कापून बसला. ती झापड.

गोटमारीत गोटा कोणाचा, हे कोणी विचारत नाही. पोलिसानं विचारलं तरी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं एकमेकांकडे चहा पितात. मीही आयुष्यभर हेच पाळलं. माझ्या टाळूवर खड्डा आहे, बोट बसतं त्यात. कोणाचा गोटा, मी विचारलं नाही. मीही एकाचं मनगट मोडलं, तो पुढं माझ्या लग्नात जेवला.

पण नेम धरून जावयाचा डोळा? हे गोटमारीत बसतं का? कोणाला विचारू?

आणि गोफण त्याला मीच शिकवली.

२ ऑगस्ट
चिकट कालवलं. पुस्तकात २ आणि १ लिहिलं आहे, मोठ्या डब्यातलं दोन, छोट्यातलं एक. पाऊस, ओल, लवकर वाळावं म्हणून छोट्यातलं अर्धं जास्त टाकलं. वाटी हातातच तापली, धूर निघाला. तळहाताची साल गेली.

५ ऑगस्ट
तीन दिवस झाले, चिकट वाळलं नाही. बोट दाबलं की रबर. सगळे सांधे रबर. जास्त टाकलं की लवकर वाळतं, असं मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. घाई झाली होती.
पुन्हा खरवडायचं. सगळं. तारा काढायच्या, पुन्हा शिवायचं. सतरा दिवस उरले.

९ ऑगस्ट, राखी
तू आलीस. तुझ्यासाठी पुरणाचा घाट मला जमत नाही, शेजारच्या रेखाबाईनं करून दिलं. गजूला राखी बांधलीस. उजव्या हाताला. मी भिंतीकडे पाहत होतो.

तू म्हणालीस, "गज्या, या साली घरी राह्य. ते उतरतो म्हणून राहिले. तू समोर नसला तं ते परत येतीन."
गजू म्हणाला, "मी घरी बसू? बांगड्या आणल्या काय माह्यासाठी?"
"त्यांचा दुसरा डोळा गेला तं मी कोणाच्या दारी जाऊ?"
गजू हसला. "ताई, गोट्यावर नाव लिहिलेलं नसते."

तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, भात घे अजून.

तू जाताना डोंग्याच्या फळीवर हात फिरवलास. "कोणाचा हो बाबा हा?" म्हटलं, तुमचाच. तू रडलीस. मला वाटतं तू आनंदानं रडलीस. म्हणून जास्त लाज वाटली.

१२ ऑगस्ट
बोरगावला गेलो. प्रकाशराव ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावाची जाळी दुरुस्त करत होते. दोरीला हात घालायचे आणि दोरी वीतभर बाजूला असायची. एका डोळ्याला अंतर कळत नाही. दोनदा पाण्यात पडले. वर आले की हसायचे.

म्हटलं, पंधरा तारखेला मासेमारीची बंदी उठते, डोंगा आणून देतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं पूजा करू.
"डोंगा आणा मामाजी. पण त्या दिवशी नाई. त्या दिवशी मले काम हाय."
"कोणतं काम?"
"गोटा कोणाचा होता हे मले कोणी सांगत नाई. पण कोणत्या बाजूनं आला, तेवढं माईत हाय. त्या बाजूले एक तरी वापस द्या लागते."
मी म्हणू शकत होतो, गोटा गजूचा होता. मग ते एकालाच मारतील, बाजूला नाही. मग तो एक माझाच.
बसनं परत आलो. बी.पी. घेतलं नाही.

१६ ऑगस्ट
सांधे पक्के झाले. या वेळी मापानं, थेंब न थेंब. आतून काचेच्या पट्ट्या बसवल्या. डोंगा उपडा करून दोन लाकडी घोड्यांवर ठेवला, तळावर काचेचं कापड उद्या चढवतो. दहा दिवस वाळायला पाहिजे, पुस्तकात घड्याळाच्या चित्राजवळ १० लिहिलं आहे. दहा दिवस कुठून आणू? ती रबर झालेली वाटी नसती तर आज डोंगा तलावात असता.

१९ ऑगस्ट
गजू परसात गोफणीचा सराव करून राहिला आहे. कुंपणावर दुधीभोपळा ठेवतो. तीस पावलांवरून फोडतो. एक कुत्रं मधे आलं. त्याचं डोकं जे झालं ते लिहीत नाही. मी पोतं टाकलं, नेऊन पुरलं. गजू म्हणाला, "कायले मधी येते?"

मी त्याची गोफण उचलून चुलीत टाकली. त्यानं मला भिंतीवर ढकललं. संध्याकाळी नवी वळून घेतली. हात भरभर चालतात त्याचे. माझेच हात.

२१ ऑगस्ट
गजू आणि चार दोस्त डोंग्याजवळ उभे. गजूनं उपड्या डोंग्यावर मूठ आपटली. ढब ढब. खाली वाकून आत शिरला, डोक्यावर घेऊन उभा राहिला.
"अबे, हे तं छत हाय. झाडापर्यंत एकही गोटा लागत नाई."
म्हटलं, "ते तुझ्या बहिणीचं आहे."
"वापस देऊ न बाबा, काय खाऊन टाकतो काय?"

२२ ऑगस्ट, पोळा
बैल पाहायला गेलो नाही. पोलीस चौकात उभे, नदीकाठी डॉक्टरांचे तंबू. तुला फोन केला. तू म्हणालीस, "ते सकाळपासून बोलत नाई बाबा, नुसते बसून हायेत." मी म्हणालो, कोंडून ठेव. तू म्हणालीस, तुम्ही ठेवता काय त्याले?
तेव्हाही सांगितलं नाही.

२४ ऑगस्ट
काल लिहिता आलं नाही. कोपर सुजलं आहे, डाव्या हातानं वही धरून लिहितो.

काल सकाळी ते पाच जण आले. मी डोंग्यावर आडवा पडलो. गजूनं मला काखेत धरून उचललं, पोतं टाकावं तसं टाकलं. गल्लीतून डोंगा डोक्यावर घेऊन गेले, खाली दहा पाय. लोक ओरडले, शिट्ट्या मारल्या. कोणीतरी गुलाल टाकला.

मी मागून गेलो. माझा फोन नदीत पडला.

पाणी कंबरेएवढं. डोंगा पाण्यात शिरला तेव्हा सावरगावची बाजू आधी थांबली. हसली. "काय बे, घर घेऊन आले काय!" मग एकदम सुरू झालं. पत्र्यावर गारा पडाव्या तसं नाही, त्यापेक्षा जड. लाकडाचा आवाज मला कळतो. आधी ठक, ठक. मग कच्च. ओलं कापड होतं तळाला, वाळलं नव्हतं. 'सा' बाजूची फळी फुटली, एक जण आतच पडला, त्याच्या नाकातोंडातून रक्त. तिघं सोडून पळाले. गजू राहिला. झाडाला पोचला, कुऱ्हाड काढली, दोन घाव घातले.

प्रकाशराव तोवर काठावर होते. सकाळपासून एक गोटा मारला नव्हता त्यांनी, लोक म्हणतात. रिकाम्या हातांनी पाण्यात उतरले. चालत गेले. चष्मा नव्हता. गजूनं पाहिलं, कुऱ्हाड उचलली. दोघं एकमेकांना भिडले. तेवढ्यात गोटा आला. पांढुर्ण्याकडून की सावरगावकडून, माहीत नाही. गजूच्या कानाच्या वर बसला. फुटलेला डोंगा वाहत मधे आला आणि मला दोघंही दिसेनासे झाले.

डोंगा सरकला तेव्हा प्रकाशराव गजूला शर्टाला धरून सावरगावच्या काठाकडे ओढून नेत होते. त्याचं तोंड पाण्याखाली होतं. ते ओढताना गेलं की आधी दाबलं होतं, सुनू, मला दिसलं नाही. देवाशपथ दिसलं नाही. गेल्या वर्षी सगळं दिसलं होतं.

तुझ्याच दारासमोर आणून टाकलं त्याला. तू गाडीत बसून त्याच्याबरोबर नागपूरला गेलीस, एवढं रेखाबाईनं सांगितलं. तिच्या फोनवरून केला, तू उचलत नाहीस.

झाड संध्याकाळी सावरगावनं काढून नेलं म्हणतात. मी पाहायला थांबलो नाही.

२४, दुपार
प्रकाशराव आले आहेत. दुसऱ्या दिवशी चहाला यायचं, म्हणून आले. कालचाच शर्ट. बाहीवर रक्त वाळलं आहे, त्यांचं की गजूचं, विचारलं नाही. म्हणाले, "मामाजी, चहा मांडा." मी मांडला. कप धरताना त्यांचा हात एकदा चुकला.

"डोंगा तं गेला," म्हणाले.
म्हटलं, हो.
"चांगला झाला होता. तिकून पाह्यला मी. तुम्ही एकट्यानं केला?"
मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं.

म्हणाले, "चारच्या गाडीनं नागपूरले जाऊन राहिलो. सुनी फोन उचलत नाई. काही द्याचं हाय काय तिले?"

ते बाहेर बसले आहेत आणि मी आत हे लिहून राहिलो आहे. सुनू, ही वही त्यांच्याच हाती देतो. दोऱ्यानं बांधणार नाही. दीड-दोन तासांचा रस्ता आहे, ते वाचतील. २९ जुलैचं, डोळ्याचं पान वाचतील. वाचून उतरतील आणि दवाखान्यात जातील, जिथं तो निपचित पडला असेल आणि तू एकटी असशील. हे मला कळतं. पण तोंडानं सांगायला एक वर्ष होतं, आणि मी भात वाढत राहिलो.

पानं फाडणार होतो. फाडली नाहीत.

प्रकाशराव हाक मारून राहिले आहेत, गाडीची वेळ झाली.

तू गजूजवळून उठू नको. ते आत आले तेव्हा त्यांच्या हातात वही कुठल्या पानावर उघडी होती ते आठव. आणि मला कळव. गजूला शुद्ध आली का, प्रकाशराव काय म्हणाले, दोन्ही कळव. रेखाबाईच्या फोनवर कर. मी तिच्याच दारात बसतो. लवकर कर सुनू.