दहा किलोमीटर आणि आईचे गुडघे

२ डिसेंबर २०२४, सोमवार

दिलं नाव! १९ जानेवारी, दहा किलोमीटर. दोष सगळा सत्यजीतचा. शेजारच्या फ्लॅटमधला हा मनुष्य लिफ्टमध्ये भेटला की माझ्या पोटाकडे बघूनच बोलतो. 'चारुदत्त, धावायला लाग. धावणं आयुष्य शिकवतं.' बावन्नाव्या वर्षी आयुष्य शिकायचं राहिलंय, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

रुचिरा म्हणाली, 'मागे जिमचं नाव काढलं होतंत, तेही पाहिलं.' बायकोचा विश्वास असावा तर असा. आई उठून देवघरात गेली.

आमच्या घराण्यात धावण्याची परंपरा नाही. बाबा एकदाच धावले — पळस्पे फाट्यावर, सुटलेल्या एसटीमागे. एसटी मिळाली. खिडकीशी बसले आणि तिथेच गेले. तेही बावन्नचेच होते.

३ डिसेंबर

वडाळे तलावाला एक फेरी. म्हणजे अर्धी.

तलावापाशी भामाबाई भाजी घेऊन बसते, आमची मेथी तिच्याकडची. मला पाहून ती चक्क उभी राहिली. 'दादा, मागं कुत्रा नाय, काय नाय, मंग पलता कशाला तुमी?' दम खात एक जुडी घेतली आणि चालत घरी आलो.

४ डिसेंबर

पिंडऱ्या! जिना उलटा उतरलो.

१५ डिसेंबर, रविवार

न थांबता तीन किलोमीटर! सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सत्तेचाळीस अंगठे. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला एकवीस आले होते.

लगेच सेक्रेटरींचा निरोप — सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला पाच मिनिटं बोला, 'धावण्याने मला काय शिकवलं'. हो म्हणून बसलो. आता काहीतरी शिकणं आलं. पहिला धडा लिहून ठेवतो: पुढच्याकडे बघू नये. पुढे कायम सत्तरीचे आजोबा असतात.

२९ डिसेंबर, रविवार

सहा. खरं सांगू? आवडतंय. हे बाहेर बोलणार नाही, सत्यजीतजवळ तर मुळीच नाही. चौथ्या किलोमीटरनंतर डोक्यातलं ऑफिस बंद पडतं. कुणी न सांगता हाती घेतलेली आणि शेवटाला नेलेली अशी एक गोष्ट माझ्या नावावर नाही. ही न्यायची आहे. शर्यतीच्या शेवटी कमान असते, तिच्याखालून एकदा जायचंय.

५ जानेवारी, रविवार

घात झाला. स्वयंपाकघरात रुचिरा हळूच म्हणाली, 'आईंनी नवस बोललाय. तुमच्या शर्यतीसाठी. माघी गणपतीला अनवाणी चालत चिरनेरला जाणार, महागणपतीला. देवापुढे पुटपुटत होत्या, तेवढंच ऐकलं मी.'

चिरनेर! इथून वीस-बावीस किलोमीटर! आई अठ्ठ्याहत्तरची. दोन्ही गुडघे झिजलेले, डॉक्टरांनी जिनासुद्धा बंद केलाय. मी बूट घालून दहा धावायचे आणि तिने अनवाणी बावीस चालायचे — हा कुठला न्याय?

बरं, ही बाई देवाला दिलेला शब्द मोडत नाही. मी दहावीला फर्स्ट क्लासात येईपर्यंत तिने पेढा सोडला होता. मला चोपन्न टक्के पडले. छत्तीस वर्षं झाली, अजून पेढा खात नाही.

६ जानेवारी

आईपाशी आडून विषय काढला. 'अनवाणी चालणं गुडघ्यांना वाईट म्हणतात.' ती वाल सोलत होती. 'तू आधी जाऊन तर ये. मग माझ्या गुडघ्यांचं बघू.' नवस नक्की काय बोललीस, विचारलं. 'फेडेपर्यंत सांगायचा नसतो.' रुचिराने गाडी सुचवून पाहिली. 'नवस काय चाकांवर फेडतात?' विषय संपला.

१२ जानेवारी, रविवार

आठ किलोमीटर. पाय ऐकायला लागले — नेमके आत्ता!

नाव मागे घेतलं तर आईला कारण कळणार, आणि ती स्वतःला बोल लावत बसणार. शिवाय, लिहायला लाज वाटते, पण धावायचं तर आहेच. तेव्हा ठरलं: धावायचं, पुरं करायचं नाही. शर्यत पुरी नाही तर नवस लागू नाही. देवाकडेही काही नियम असतीलच.

१९ जानेवारी, रविवार

पहाटे निघताना पाया पडलो. आईने हातावर दही-साखर ठेवली. माझा हात तिने दोन्ही हातांत धरून ठेवला. थंडी होतीच तशी.

पाचव्या किलोमीटरला थांबायचं ठरलं होतं. पाचव्याला म्हटलं, सहाव्याला. सहाव्याला म्हटलं, पाणी पिऊन बघू. नवव्याला ते सत्तरीचे आजोबा मागे पडले! मी कुणाला तरी मागे टाकलं! मग तलावाचं वळण, आणि समोर कमान. पिवळे फुगे, ढोल, गळ्यात पदक घालून टाळ्या पिटणारा सत्यजीत. पन्नास मीटर.

आणि मला आईचे तळवे आठवले. भेगा पडलेले, रोज रात्री कोकमाचं तेल लावते ते. थांबलो. बाजूला भामाबाईच्या पाटीपाशी जाऊन बसलो.

'अवो दादा, कमान पुढं हाय! हितं नुसती मेथी हाय!'

'मेथीच दे. दोन जुड्या.'

एक स्वयंसेवक पोरगी धावत आली. 'काका, पन्नासच मीटर राहिलेत!' पायात गोळा आला म्हणून सांगितलं. सत्यजीतच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्याला माझं खरोखर वाईट वाटत होतं. छातीवरचा नंबर काढून मेथीला गुंडाळला आणि निघालो. जिन्यात रडलो. थोडं नाही, बरंच.

दार आईने उघडलं. माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. 'पुरी नाही झाली गं,' म्हटलं. 'बरं,' म्हणाली, आणि गुणगुणत मेथी निवडायला बसली.

२६ जानेवारी, रविवार

सेक्रेटरींनी परस्पर विषय बदलला — 'अपयश पचवताना'. पाच मिनिटांची दहा झाली. ऐकणाऱ्यांतल्या दोघींनी डोळे पुसले, सत्यजीतने मिठी मारली. पन्नास मीटरचा गोळा मी इतका रंगवला की शेवटी पोटरी दुखायला लागली.

आई पहिल्या रांगेत खुर्चीवर होती. मनात म्हटलं, टाळ्या वाजव. तुझे गुडघे वाचवलेत मी.

३१ जानेवारी, शुक्रवार

आई पिशवी भरतेय. नारळ, दूर्वा, पाण्याची बाटली. उद्या माघी गणपती.

'अगं, शर्यत कुठे पुरी केली मी?'

'शर्यत मागितली कुणी? तुझ्या बाबांच्या वयाचा झालास. धावून घरी परत येऊ दे, एवढंच मागितलं होतं.'

पहाटे चारला निघतोय. दोघंही अनवाणी. चालवेल तिथवर ती चालेल, पुढे मी पाठीवर घेईन — चाकं नकोत, एवढंच ना?

'घे,' म्हणाली. 'पण पन्नास मीटर आधी बसू नकोस.'