वस्तीची एसटी

दोहा, मार्च २००६

अब्बांना फुजैलचा सलाम,

आम्ही सगळे ठीक आहोत. काल हनिया शाळेत अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतुकीवर बोलली. मी सुट्टी घेऊन ऐकायला गेलो. आधी घोड्यांच्या ट्राम, मग विजेच्या, आणि घरोघरी मोटारी आल्यावर बऱ्याच शहरांनी रूळच उखडले, असं सगळं तिने इंग्रजीत धडाधड सांगितलं.

शेवटी तुमचा खाकीतला फोटो दाखवून म्हणाली, "माझे आजोबा वस्तीची एसटी चालवायचे. गावाला पहाटे गाडी मिळावी म्हणून रात्री तिथेच गाडीत झोपायचे." मोटारीने शाळेत येणारी पोरं फोटो जवळून बघायला पुढे सरकली.

गुडघा कसा आहे? अम्मी म्हणते, तुम्ही अजून पहिल्या गाडीच्या वेळेला उठून दारात उभे राहता. हे आधी सांगितलं असतं तर भाषणात घातलं असतं, म्हणून हनिया माझ्यावर रुसलीय.

तुमचा फुजैल