तविल दंडपाणीला, एका अटीवर

मी, शेण्बगवल्ली, कै. मुरुगय्यन यांची बायको, वय त्रेपन्न, राहणार पूवनल्लूर, कुंभकोणमजवळ, लिहून ठेवते की पोटातल्या गाठीनं शरीर गेलं असलं तरी डोकं जागेवर आहे. कुणी दबाव आणलेला नाही. चौथीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षराला हसू नये.

१. तळ्याकाठचं घर धाकटा भाऊ दंडपाणी आणि त्याची बायको कुंजम्माळ यांना. वीस वर्षांत तिनं माझ्या सांबाराला एकदाही बरं म्हटलं नाही, पण आजारपणात माझं तिनंच केलं. जावई सेल्वराजला काही नाही. त्यानं माझ्या प्रेतालाही हात लावू नये.

२. वडिलांचा तविल, नागस्वरम या लांब सनईच्या साथीचा ढोल. फणसाच्या लाकडाचा, आजोबांच्या वेळचा. तेव्हा चामड्याच्या वाद्या ओढून तोंडं ताणत. वडिलांनी लोखंडी कडी नि बोल्ट बसवले, तर आजोबा वर्षभर बोलले नाहीत. एका तोंडावर काठी, दुसऱ्यावर टोप्या घातलेली बोटं. चिंध्यांना भाताची खळ लावून वाळवलेल्या त्या टोप्या आठव्या वर्षापासून मी केल्या. वाजवायला कुणी शिकवलं नाही. पण देव निघताना हात कसा जड पडतो, नागस्वरम थांबल्यावर एकटा तविल कसा सुटतो, सगळं बोलांसकट पाठ आहे. आणि लग्नातलं गेट्टी मेळम. नवरीच्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना शिंक, रडं, वाईट शब्द कानी पडू नये म्हणून कुणीतरी बोट वर करतं, आणि तविल सगळं बुडवून टाकतो.

३. सहा वर्षांपूर्वी पूंगोदैच्या, माझ्या एकुलत्या लेकीच्या लग्नात बोट मी वर केलं. ताली अजून ताटातच होती. पोर माझ्याकडे वळून म्हणाली, "अम्मा, नको. मला याच्याशी नाही करायचं." मांडवात तीनशे माणसं. मी बोट वर केलं. तविलावर बसलेला दंडपाणी अडखळला. मी पुन्हा केलं. मग त्यानं असा वाजवला की तिचं पुढचं बोलणं मलाही ऐकू आलं नाही. ते काय होतं, अजून माहीत नाही.

पंगतीत त्यानं विचारलं, "अक्का, पोरगी काही बोलत होती का?"

"भूक लागली म्हणत होती," मी म्हटलं. "तू आपली काठी सांभाळ."

ती तीनदा परत आली, तीनदा मी तिला बसमध्ये बसवून दिलं. चौथ्यांदा निरोप आला, विहिरीचा. मागोमाग तिचा बाप गेला. तेव्हा मी दंडपाणीला खरं सांगितलं. त्यानंतर त्यानं तविलाला हात लावलेला नाही. बस थांब्यावर चहा विकतो.

४. तविल, काठी आणि टोप्या दंडपाणीला, एका अटीवर. आडी महिना संपला की लग्नं सुरू होतील. त्यानं वाजवावं. पण बोट वर झालं तरी आधी नवरीच्या तोंडाकडे बघावं. ओठ हलत असतील तर हात उचलू नये, मुहूर्त टळला तरी.

हे त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अक्का, मी तेव्हाही बघितलं होतं. तू बोट वर केलंस."

अट तशीच ठेवते.

सही: शेण्बगवल्ली
वकील म्हणाले, अंगठाही लागतो. दिला आहे. शेजारी उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा ठसा मी मागून घेतला. बोट ते होतं.

साक्षीदार: १. कुंजम्माळ दंडपाणी २. अरुळप्पन, टपालवाले
पूवनल्लूर, ९ ऑगस्ट २०१७