दोन सह्यांचा बीजनिधी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

विद्यापीठाकडून माझ्या घरी आजवर जे आले ते आधी मांडते, म्हणजे पुढचा मजकूर कशासाठी ते कळेल. शाल एक, अकराशे पन्नास रुपये. राजवाड्याच्या बाजारात तशीच साडेचारशेला मिळते. काचेसारख्या प्लास्टिकचे स्मृतिचिन्ह एक, दोन हजार शंभर. कुंडीतले रोप एक, तीनशे, आठवड्यात वाळले. चौकटीतला फोटो एक, नऊशे. त्यात डॉ. श्रीराम आणि डॉ. अरुंधती यांनी एका मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकची दोन टोके धरली आहेत आणि मी मधोमध, चेकच्या मागे, गळ्यापासून वर दिसते. गुळगुळीत कागदाचा अहवाल एक, छपाई अठरा हजार. हे सगळे मी दिलेल्या पैशातूनच झाले, म्हणजे माझीच शाल मला पांघरली. नारळ तेवढा कोणी दिला नाही, तो बजेटमध्ये बसला नसेल.

मी, शालिनी शरद पोतनीस, वय चौऱ्याहत्तर, मॅट्रिक पास, घर सांभाळणारी, राहणार बडा गणपतीच्या मागे, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच दूधवाल्याच्या हिशेबातली चूक काढली. कोणी धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही. भुलवायला लोक आले होते, त्यांना चहा दिला आणि वाटेला लावले. याआधी विद्यापीठाला जे काही लिहून दिले असेल ते आजपासून रद्द.

कलम पहिले, देहाचे. साधे लाकूड, साधी फुले. तेराव्याला घरचीच माणसे जेवतील. विद्यापीठाने शोकसभा घेऊ नये; घेतलीच तर समोशांचा खर्च निधीत टाकू नये.

कलम दुसरे, सोन्याचे. दोन पाटल्या आणि मोहनमाळ बहिणीची मुलगी क्षितिजा हिला. ती फोन करते तेव्हा आधी माझी तब्येत विचारते आणि मग उत्तर ऐकूनही घेते. असे माणूस आता दुर्मिळ आहे.

कलम तिसरे, दिरांचा मुलगा अनीश याचे. घर विद्यापीठाच्या कामाला देणार हे कळल्यावर तो पुण्याहून खास आला आणि म्हणाला, "काकू, सब खा जाएंगे. त्यापेक्षा माझ्या नावावर कर, मी बघतो ना." तो काय बघणार ते मला ठाऊक आहे, काकांच्या आजारपणात तो मीटिंग बघत होता. खाऊन टाकतील हे मात्र त्याचे खरे. एका खऱ्या बोलाबद्दल त्याला वर लिहिलेली शाल, स्मृतिचिन्ह आणि चौकटीतला फोटो द्यावा. मानसन्मानाची त्याला आवड आहे.

कलम चौथे हे वाटणीचे नाही, कारणाचे आहे. वकील म्हणाले की इतके सविस्तर लागत नाही. वकिलांना लागत नसेल.

माझे यजमान शरद पोतनीस यांना साखरेचा आजार. उजव्या पायाला चप्पल लागली, फोड आला, तो चिघळला. मोठ्या दवाखान्यात नेले. साखरवाले डॉक्टर पहिल्या मजल्यावर, ते म्हणाले कातडीवाल्यांना दाखवा. कातडीवाले दुसऱ्या मजल्यावर, ते म्हणाले सर्जनला दाखवा. सर्जन तिसऱ्यावर, ते म्हणाले आधी साखर खाली आणा, पहिल्या मजल्यावर जा. लिफ्ट स्टाफसाठी होती. प्रत्येकाने आपापला कागद लिहिला आणि दुसऱ्याचा वाचला नाही. पाय एकच होता, खाती तीन होती. पाय गुडघ्याखाली कापला आणि पुढच्या गणपतीत ते गेले. मधल्या काळात मी त्यांच्यासाठी बूट आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "एक नहीं मिलेगा माताजी, जोड़ी लेनी पड़ेगी." डावा त्यांनी घातला. उजवा कोरा आहे, डब्यात आहे. त्याचे पुढे येईल.

म्हणून त्यांच्या ग्रॅच्युइटीतले तीन लाख मी विद्यापीठाला दिले. तिथले लोक त्याला बीजनिधी म्हणतात. दोन खात्यांनी मिळून आरोग्याचे एखादे काम सुरू करायचे, त्याला पहिला थोडा पैसा लागतो, काम जमले की दिल्लीहून मोठा पैसा येतो. मला पटले. पातेलेभर दुधाला चमचाभर विरजण लागते, ते आपण द्यावे. अट एकच घातली, साखरेच्या रोग्यांचे पाय दोन खात्यांनी एकत्र बसून बघावेत. मधुमेहाचे डॉ. श्रीराम आणि आहारशास्त्राच्या डॉ. अरुंधती यांनी हसतमुखाने सही केली. पुठ्ठ्याचा चेक परत नेल्यावर त्यांनी पहिले काम हे केले की पैसा निम्मा-निम्मा वाटून घेतला. दोन वजनकाटे घेतले. दोन बॅनर छापले. नाव आधी कोणाचे यावर तीन महिने गेले.

मग एका मंगळवारी दोन्ही खाती आमच्याच गल्लीत आली, एकमेकांना न सांगता. आमचे भजनी मंडळ देवळाच्या सभामंडपात बसते. डॉ. श्रीराम यांच्या विद्यार्थ्यांनी बायकांना निरोप दिला होता की सकाळी काही न खाता या, रक्त घ्यायचे आहे. बायका तशाच आल्या. मंडपाच्या दारातच डॉ. अरुंधती यांच्या विद्यार्थिनी ताटे घेऊन उभ्या. त्यांना नाचणीचे लाडू बायकांना आवडतात का ते बघायचे होते. आता देवळाच्या दारात उजव्या हातावर लाडू पडला की आमची बाई तो कपाळाला लावते आणि खाते. प्रसाद नाकारायचा नसतो. सगळ्यांनी खाल्ला, काहींनी दोनदा हात पुढे केला, आणि तोंड पुसून रक्त द्यायला बसल्या.

अहवालात छापले की बडा गणपती भागातल्या बायकांची उपाशीपोटी साखर चिंताजनक आहे. शेजारची पूर्वा बिचारी आठ दिवस भात सोडून बसली. हा अहवाल महूच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात जेवणासह वाचला गेला. मी डॉ. श्रीराम यांना फोन करून लाडवाचे सांगितले. ते म्हणाले, "काकू, लाडू आमच्या डिपार्टमेंटचा नव्हता." डॉ. अरुंधती म्हणाल्या की सुई त्यांच्या डिपार्टमेंटची नव्हती. दोघांचेही खरे. बाई कोणाच्या डिपार्टमेंटची, ते मात्र ठरलेले नाही.

याहून मोठी गोष्ट अशी की पाय कोणी पाहिलाच नाही. देऊळ आहे, चपला बाहेर. चाळीसेक बायका, सगळ्यांचे पाय उघडे, रांगेने पसरलेले. पीएचडी झालेली माणसे त्या रांगेतून वह्या सांभाळत ये-जा करीत होती आणि एकानेही मान खाली घातली नाही.

मी घातली होती. माझ्या समोरच सौ. शैलजा मोहन टोकेकर बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याची कड काळी पडली आहे. हा रंग मी ओळखते. मी काही बोलले नाही, कारण आमचे बोलणे नाही. शरदरावांच्या तेराव्याला पंगतीत वाढता वाढता त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "वेळेवर मुंबईला नेलं असतं तर पाय वाचला असता." तेव्हापासून अबोला आहे, आणि या कागदामुळे तो मोडला असे समजू नये.

कलम पाचवे, घराचे आणि ठेवींचे. बडा गणपतीमागचा फ्लॅट माझ्या पश्चात विकावा. ते पैसे आणि बँकेतल्या मुदत ठेवी मिळून पुन्हा त्याच कामाला जातील. अनीश म्हणेल काकू वेडी आहे. पैसा त्या दोघांना नाही, पायाला आहे. ते दोघे फक्त वाटेत उभे आहेत. अटी अशा. पैसा कधीही वाटून घ्यायचा नाही. दोन्ही खात्यांचे मिळून एकच बँक खाते, आणि प्रत्येक चेकवर दोघांच्याही सह्या, बँकेत एका बाकावर बसून केलेल्या. शिपायाच्या हाती चेकबुक पाठवल्यास त्या वर्षाचा पैसा बंद. सत्कार नाही, बॅनर नाही. काचेचे स्मृतिचिन्ह देण्याची हौस असेल तर त्याऐवजी डब्यातला उजवा बूट दोन्ही खात्यांच्या समितीच्या टेबलावर ठेवावा आणि मीटिंग संपेपर्यंत उचलू नये. "आमच्या डिपार्टमेंटचे नव्हते" असे लेखी उत्तर ज्या दिवशी येईल, त्या दिवशी शिल्लक पैसा देवळाच्या अन्नछत्राला जावा. तिथे आमटीत मीठ कोणी टाकले यावरून आमटी अडत नाही.

हे जमत नाही, माणसांची मने जुळावी लागतात, असे डॉ. अरुंधती मला समजावत होत्या. मने जुळायची वाट कोण बघतो? भजनी मंडळाचे खाते दोन सह्यांचे आहे, एक माझी आणि एक शैलजाबाईंची. अबोला धरल्यावरही दर महिन्याला आम्ही दोघी बँकेत गेलो, एका बाकावर बसलो, एकाच पेनने सह्या केल्या आणि वेगवेगळ्या रिक्षांनी परत आलो. समईचे तेल एक दिवस चुकले नाही.

कलम सहावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सौ. शैलजा मोहन टोकेकर यांनी करावी. माझ्यानंतर समितीच्या प्रत्येक चेकवर त्यांची मंजुरी लागेल. मला त्या आवडत नाहीत, पण एका पैशाला त्यांनी कधी नजर चुकवू दिली नाही, आणि समोरच्याचे चुकले तर त्या भर पंगतीत बोलतात. विद्यापीठाला असेच माणूस हवे.

येणेप्रमाणे लिहिले ते माझ्या खुशीने, वाचून, समजून.

(सही) शालिनी शरद पोतनीस

बाईंनी हे आमच्या समोर मोठ्याने वाचले आणि सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

साक्षीदार: १. विजय दिघे, राहणार हातोद (सही)
२. पूर्वा तारे, शेजारीण (सही)

इंदूर, सोमवार, दिनांक १८ नोव्हेंबर २०२४, संकष्टी.

सौ. शैलजाबाई टोकेकर यांस. वरील मृत्युपत्राची नक्कल पोस्टाने पाठवते, कारण गल्ली एक असली तरी बोलणे नाही. सहावे कलम माझ्या मरणानंतर लागू होईल, पण तुमचा अंगठा तेवढा थांबणार नाही. म्हणून पहिला चेक, पन्नास हजारांचा, मी जिवंतपणीच काढून ठेवला आहे. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी सकाळी दहाला डॉ. श्रीराम आणि डॉ. अरुंधती दोघांनाही सभामंडपात बोलावले आहे. घराचे नाव काढल्याबरोबर दोघेही हो म्हणाले. दुसराही येतोय हे दोघांनाही सांगितलेले नाही. सर्जन बरोबर आणा असेही दोघांना सांगितले. दोन सर्जन आले तर येवोत. एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सगळ्यांनी खाली बसून तुमचा पाय बघितला तरच चेक मिळेल, नाहीतर मी तो तिथेच फाडीन. लाडू कोणी दिला तर घेऊ नये, देवळात असला तरी.

मी समोरच बसेन. बोलायची गरज नाही. माझा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत आहे. तिकिटाचे पैसे मागणार नाही. मंगळवारी पाय दाखवायला येता की नाही, एवढे उलट टपाली कळवावे.