रविवारचा राहिलेला दिवस

गायमन, चुबुत नदीकाठ, पॅटागोनिया
मंगळवार, ३ जुलै १८९४

प्रिय नेस्टताई,

चार महिने पत्र टाळलं. शाई गोठली होती असं लिहिणार होतो, पण ती आजच, इथल्या जुलैच्या हिवाळ्यात, गोठलीय. चुलीशी धरून लिहितोय. तिकडे वेल्सला तुम्ही सगळी बरी असाल. इथला वारा विचारू नकोस, परवा प्रोसरकाकांचं खुराडं कोंबड्यांसकट नदीत गेलं. ते राहू दे.

आपल्या वेल्श लोकांच्या इथल्या वसाहतीत मला मालिशवाला म्हणतात. लिव्हरपूलच्या त्या डॉक्टरकडे शिकलो, असं तुलाही सांगितलं होतं. ताई, तिथे मी नुसते गरम टॉवेल पिळायचो. बघून बघून आलं तेवढंच.

शेजारच्या बेथनची मुलगी लाउरी, सात वर्षांची. तापानंतर तिचा पाय लुळा पडला. हाडं बसवणाऱ्या इथेलबाबांनी तो सहा आठवडे फळीला बांधून ठेवला. गुडघा ताठ होत चालला म्हणून मी त्यांची पट्टी सोडली. इथला रिवाज असा, की दुसऱ्याची पट्टी सोडली की तो पाय तुझा. तेव्हापासून म्हातारा माझ्याशी बोलत नाही.

रोज चोळायचो, रोज गुडघा बोटभर जास्त वाकायचा. मग रविवार आला. प्रार्थनेनंतर प्रोसरकाका, इथल्या चर्चचे कारभारी, म्हणाले, "आज मालिश नाही. ते काम आहे."

"गाय पिळता की रविवारी."

"तिची कास दुखते म्हणून."

"हिचा गुडघा दुखतो, काका."

"मग हिलाही दूध द्यायला सांग."

सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी गेलो.

सोमवारी गुडघा ओंडक्यासारखा आखडला होता. एक दिवस बुडाला, तो भरून काढायचा म्हणून मी दोन दिवसांचं एकदम वाकवलं. आवाज झाला. गुडघ्याची वाटी बाजूला गेली. पोर रडली नाही, फक्त म्हणाली, "आता पुरे ना."

गरम पाणी आणतो म्हणून मी बाहेर पडलो. ताई, परत गेलोच नाही. कालपासून इथे नदीकाठच्या झोपडीत आहे. घोड्यावर खोगीर चढवलेलंच आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर मी कुठे असेन कुणास ठाऊक. ती लंगडी राहिली तर

मध्येच थांबलो होतो. दार ढकलून इथेलबाबा आत आलेत. दाढीत बर्फ आहे. बसलेसुद्धा नाहीत.

"वाटी बसवायला दोघं लागतात," म्हणाले. "पोरगी दुसऱ्या कुणाला पाय धरू देत नाहीये. चल."

जातो, ताई. घोडा तयारच आहे, बेथनच्या घराकडे वळवतो.

तुझा,
इद्वाल