सातांनी भागलेले गोल

लंडन, ओंटारियो
(राजवाडा असलेले लंडन निराळे)

तीर्थस्वरूप बळवंतराव दाजी यांच्या चरणी शालक देवदत्त याचा साष्टांग प्रणिपात. (कंबरेच्या दुखण्यामुळे तो मानसिक समजावा.) आपला उजवा गुडघा, ताईची साखर आणि पेठेचा सर्वसाधारण स्वभाव ही तिन्ही नियंत्रणात असतील अशी आशा बाळगतो. इकडे क्षेम आहे. सौ. अरुणाने गाडीला बर्फातले विंटर टायर्स वेळेवर बसवून घेतले, कन्या यामिनी व्हँकुव्हरला नोकरीत स्थिरावली आहे, आणि मी गेल्या शनिवारी, बावीस वर्षांच्या सेवेअंती, आमच्या चिमुकल्या कॉलेजच्या फुटबॉल प्रशिक्षकपदावरून विधिवत निवृत्त झालो.

आपला निरोप ताईकडून पोहोचला. सलग तीन वर्षे पलीकडच्या पेठेकडून पराभूत झाल्यावर तालमीने मला आपल्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक नेमण्याचे योजले आहे. येत्या रविवारच्या सभेत तसा ठराव व्हायचा असून 'कॅनडाला फुटबॉल शिकवणारा आपला माणूस' म्हणून माझा सत्कारही व्हायचा आहे. या वाक्यातील 'आपला' आणि 'माणूस' हे शब्द निर्विवाद आहेत. उरलेल्यांविषयी सभेपूर्वी निवेदन करणे मला प्राप्त आहे, कारण एकदा ठराव झाला की तालमीचा अख्खा हंगाम माझ्या हाती जाईल, आणि तो कोणत्या हाती गेला हे तालमीस ठाऊक नसेल.

दाजी, इकडे फुटबॉल पायाने खेळत नाहीत.

मी येथे गणित शिकवावयास आलो हे आपण जाणताच. अर्जात 'इतर प्रावीण्य' या रकान्यात मी 'फुटबॉल: दोन वर्षे साहाय्यक प्रशिक्षक' असे नमूद केले होते. (म्हणजे आपल्या शिट्टीची दोरी मी धूत असे.) कॉलेजचा पूर्वीचा प्रशिक्षक नुकताच सोडून गेला होता. विभागप्रमुख बाईंनी पृच्छा केली, मी होकार दिला. उभयतां एकच शब्द उच्चारीत होतो, आणि शब्द एक असला की अर्थही एकच असणार या समजुतीवर तर कित्येक विवाह सुखेनैव टिकून आहेत. पहिल्या दिवशी पोतडी उघडतो तो आतले सर्व चेंडू लंबगोल. प्रवासात दबले असावेत असे मानून मी पुरवठादारास तिखट तक्रारपत्र धाडले आणि सतराच्या सतरा बदलून मागितले. त्याने विनातक्रार बदलून दिले. तेही लंबगोल. खेळाडू शिरस्त्राणे चढवून आणि खांद्यांवर उशांसारखे काही बांधून आले होते. थंडीपायी असेल, म्हणून मी विषय वाढवला नाही. चेंडूला हात लावील त्यास मैदानाच्या पाच फेऱ्या, अशी शिक्षा मात्र जाहीर केली. ती पोरे आठवडाभर निमूट धावली. पहिला सामना आम्ही त्रेसष्ट-शून्य हरलो.

येथून माझ्या अपराधास आरंभ होतो. त्याच रविवारी आपला फोन आला आणि आपण निकाल विचारलात. त्रेसष्ट हा आकडा कानी पडता तर आपल्या हृदयाचे काय झाले असते ते सांगवत नाही. इकडे चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली आणि पाठोपाठची लाथ नीट बसली की मिळून सात गुण होतात. मी पडलो गणिताचा माणूस. सातांनी भागले आणि 'नऊ-शून्य' असे कळवले. तेव्हापासून आपणांस कळवलेला प्रत्येक निकाल सातांनी भागलेला आहे. पस्तीस-चौदा म्हणजे पाच-दोन. बेचाळीस-सात म्हणजे सहा-एक. भाग पूर्ण न गेल्यास बाकी मी मनात ठेवली. (ती अद्याप तेथेच आहे.) त्या सहा-एकच्या वेळी आपण म्हणाला होतात, "देवा, सहा गोल खाल्लंस? गोलकीपर झोपतोय काय रं? बदल की त्याला, मर्दा." मी बदलतो म्हणालो. ज्या खेळात गोलकीपर ही वस्तूच नाही, त्या खेळात मी त्या वर्षी चार गोलकीपर बदलले. पैकी एकाला, आपल्याच रदबदलीवरून, पुन्हा संघात घेतले.

एक निकाल मात्र अविभाजित आहे. चौथ्या हंगामात घोटाभर बर्फात सामना झाला आणि दोन्ही पक्षांना काहीच करता येईना. कॅनडाच्या नियमांत एक दयाळू कलम आहे: लाथेने उडवलेला चेंडू प्रतिपक्षाच्या अगदी मागच्या पट्ट्यात गेला आणि त्यांना तो तेथून बाहेर काढता आला नाही, तर लाथ मारणाऱ्यास एक गुण. माझ्याकडून पोरांना दुसरे काही शिकवले गेले नव्हते. लाथ मात्र आपण मला शिकवलीत तशीच शिकवली होती. घोटा ताठ, मान खाली, नजर चेंडूवर. शेवटच्या मिनिटास ती बसली आणि आम्ही एक-शून्य जिंकलो. मी फोनवर तेवढेच सांगितले. आपण म्हणालात, "ह्येला म्हणायचं फुटबॉल," आणि पेठेत पेढे वाटलेत. ते पेढे पूर्णतः वैध आहेत. पुढली अठरा वर्षे आमचे कॉलेज अशाच एकेका गुणावर जगले. एकंदर विजय एकोणतीस, पराभव एकशे अठरा. यामिनीच्या मते, "बाबा, युअर होल करिअर इज अ टायपो."

शनिवारच्या निरोपसमारंभात हे सर्व कबूल करावे म्हणून मी चार पानी भाषण सिद्ध केले होते. दुसऱ्याच पानावर पहिल्या वर्षीचा कर्णधार (आता तो गावातले ड्राइव्हवे शोव्हल करून, म्हणजे घरांपुढला बर्फ उपसून, देण्याचा व्यवसाय करतो) मागच्या रांगेतून म्हणाला, "कोच, वुई न्यू बाय ट्यूसडे." पहिल्याच आठवड्यातल्या मंगळवारी त्या सर्वांस कळून चुकले होते. मग बोलला का नाहीत, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला की त्या पदासाठी दुसऱ्या कोणाचा अर्जच नव्हता. मी गेलो असतो तर संघ बंद पडला असता. आणि शिवाय लाथ बरी शिकवत होतो. एवढे बोलून तो केक खाऊ लागला. माझी उरलेली अडीच पाने निरुपयोगी झाली.

सारांश, बावीस वर्षांत या प्रकरणी फसलेला मनुष्य भूतलावर एकच उरतो, आणि मला चेंडू मारावयास शिकवणाराही तोच. तरी ठराव मागे घ्यावा, सत्कार रद्द व्हावा आणि प्रशिक्षक म्हणून खऱ्या फुटबॉलचा जाणकार शोधावा, ही नम्र विनंती. ताईस नमस्कार.

आपला अपराधी शालक,
देवदत्त

ता. क. प्रस्तुत पत्र सभेत मोठ्याने वाचून दाखवावे. वेळ अपुरा असल्यास आरंभीचा नमस्कार आणि एक-शून्यचा परिच्छेद पुरेसा आहे.

ता. क. दुसरा. यापुढे शनिवारी दुपारी कोठे जावे हे मला कळेनासे झाले आहे. म्हणून जानेवारीचे तिकीट काढले आहे. ते परत होत नाही. मला पद नको. सामन्याच्या दिवशी राखीव खेळाडूंच्या बाकावर, आपल्या शेजारी, टेकण्यापुरती जागा धरून ठेवावी. पोरांपैकी कोणाची लाथ कच्ची असेल तर तेवढी पाहीन.

ता. क. तिसरा. चौकात माझा फ्लेक्स लागला असल्याचे ताई बोलता बोलता बोलून गेली. त्यावर 'मुख्य प्रशिक्षक' ही अक्षरे असल्यास कृपया खोडू नयेत. खोडलेला फ्लेक्स पलीकडची पेठ अधिक लक्षपूर्वक वाचते.